१४० चा पंप अन् ५३१ चं इंजिन : गोसीखुर्दच्या पाण्यावरचं एक प्रकरण

मशीन कावासाकीचं जेएस ५५०, जेट स्की, म्हणजे पंपानं पाणी मागं फेकून पळणारी पाण्यावरची स्कूटर. उभं राहून चालवायचं, एका माणसाचं, हँडलचा दांडा वर-खाली होणारं जुनं मॉडेल. कंपनीनं ते १९८२ मधे बाजारात आणलं, त्यात ५३१ सीसीचं दोन सिलिंडरवालं टू-स्ट्रोक इंजिन यायचं. हे मशीन समुद्रकिनाऱ्याकडून हात बदलत बदलत आमच्या इकडे आलं अन् वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरवर, कुही तालुक्याच्या बाजूनं, आंभोऱ्याजवळच्या काही पोट्ट्यांनी पैसे जमवून ते घेतलं, पुढं बोटिंगचा धंदा टाकायचा विचार होता. तक्रार एका वाक्याची होती. स्टार्ट झटक्यात, आयडल मस्त, आवाज साफ, पण पाण्यात फुल रेस दिली की इंजिन घुटमळते अन् मशीन पुढे जात नाही. हलका पोरगा असला तं कसाबसा उभा होते, ७५-८० किलोचा माणूस चढला की नाक वर, शेपूट पाण्याखाली, अन् थोड्या वेळात इंजिन तापून वास मारायला लागते.

माझं उमरेडला पंपाचं काम आहे, सबमर्सिबल, मोनोब्लॉक, रिवाइंडिंग, अन् सोबत जुन्या टू-स्ट्रोक गाड्या, आरएक्स १००, राजदूत वगैरे. जेट स्की म्हणजे टू-स्ट्रोक इंजिन अधिक पंप, म्हणून एकानं नाव सुचवलं अन् पोट्टे पिकअपमधे मशीन टाकून घेऊन आले. हे प्रकरण पूर्ण लिहून ठेवतो आहे कारण मराठीत या विषयावर काहीच सापडत नाही, अन् विदर्भात आता पाण्यावरचे धंदे वाढून राहिले, तं असं मशीन उद्या अजून कोणाच्या अंगणात येऊन पडणारच.

आधी काय झालं होतं ते सांगतो. शहरातल्या एका मेकॅनिककडे हे मशीन जाऊन आलं होतं, त्यानं इंजिन खोलून पिस्टन, रिंग, बोअर केलं, तरी फरक नाही, मग परत खोललं, क्रँकचे सील बदलले, तरी फरक नाही, मग प्लग काळे येतात म्हणून कार्ब (कार्बोरेटर) आवळत गेला. पोट्ट्यांचे धानाचे पैसे त्यात गेले. मला यात त्या माणसाच्या हाताबद्दल काही म्हणायचं नाही, बोअरचं काम खरंच चांगलं केलेलं होतं, पण दोनदा इंजिन खोललं अन् एकदाही मशीनच्या मागच्या टोकाला टॉर्च मारून पाहिलं नाही, हे मला पटलं नाही. कॉम्प्रेशन मी घेतलं तं दोन्ही सिलिंडरला १५० पीएसआयच्या आसपास, दोघात फरक नाही. पाण्याबाहेर दोन-चार सेकंद रेस दिली तं आरपीएम सटकन वर. (पाण्याबाहेर दहा-पंधरा सेकंदाच्या वर चालवायचंच नाही, कारण इंजिनला थंड करणारं पाणी पंपाच्याच दाबानं येते, वेगळा वॉटर पंप नसते यात.) म्हणजे मोकळं असताना इंजिन उड्या मारते अन् पाण्यात ठप्प होते. कोणत्याही पंपवाल्याच्या डोक्यात इथं एकच गोष्ट येईल, की लोड जास्त आहे.

मग पंप पाहिला. रेडियल पाती नाहीत यात, एका नळीत तीन पात्यांचा इम्पेलर फिरते, त्याच्या मागं पाण्याचा पिळ सरळ करणारा स्टेटर, अन् शेवटी निमुळतं नोझल. इम्पेलर ज्या नळीत फिरते तिच्या आतल्या व्यासावरून पंपाचा साइज म्हणतात. ५५० ला कंपनीचा पंप यायचा साधारण १२२ मिमीचा. आत व्हर्नियर घातला तं निघाला १४०. मंग खाली वाकून बॉडी पाहिली तं टनेलच्या, म्हणजे पंप बसते त्या पोकळीच्या, कडेनं फायबरचं काम दिसलं, रंग लावून झाकलेलं, पण बोट फिरवलं की पायरी लागते. म्हणजे आधीच्या कोणत्या तरी मालकानं ही बॉडी कापून तिच्यात ६५० एसएक्सचं सामान बसवलं होतं. ६५० एसएक्स १९८७ चं मॉडेल, इंजिन ६३५ सीसी, पंप १४० चा. हौशी लोकं हे करतात, ५५० ची बॉडी हलकी अन् अरुंद असते, त्यात मोठं इंजिन टाकलं की ती उडते. पुढे कधीतरी ते मोठं इंजिन काढून विकलं गेलं असेल अन् मशीन विकायसाठी जुनं ५३१ चं परत टाकलं, पंप मात्र मोठाच राहिला. इम्पेलरही कंपनीचा नव्हता, बाहेरचा स्टेनलेसचा, जास्त पिचचा (म्हणजे पात्याचा कोन जास्त असलेला), मोठ्या इंजिनसाठी घेतलेला.

आता हिशोब. नुसतं "पंप मोठा आहे" म्हणून भागत नाही, किती मोठा ते आकड्यात पाहिलं की डोळे उघडतात. १२२ चे १४० झाले म्हणजे व्यास वाढला १५ टक्क्याच्या आत, ऐकायला काहीच नाही वाटत. पण एकाच ठेवणीचा इम्पेलर, पात्याचा कोन तोच, आरपीएम तेच, तं तो जी ताकद खाते ती व्यासाच्या पाचव्या घातानं वाढते. १४० भागिले १२२ म्हणजे १.१४७५, त्याचा पाचवा घात १.९९. सरळ दुप्पट! त्याच ६००० आरपीएमला मोठा पंप दुप्पट एचपी मागते. अन् आरपीएमच्या बाबतीत तीच ताकद तिसऱ्या घातानं चालते, म्हणून दुप्पट लोड आला तं इंजिन कुठं जाऊन थांबेल तेही काढता येते, २ चं घनमूळ १.२६, तं ६००० भागिले १.२६ म्हणजे ४७६० च्या आसपास. हेही कधी, जर इंजिन ४७०० लाही आपली पूर्ण ताकद देत असेल तं. टू-स्ट्रोक तसं देत नाही. त्याचा एक्झॉस्ट एका पट्ट्यासाठी जमवलेला असते, हे इंजिन सहा हजाराच्या आसपास खुलते, त्या पट्ट्याच्या खाली राहिलं की ताकद अजून पडते, ताकद पडली की आरपीएम अजून पडते. वरून आमचा इम्पेलर जास्त पिचचा. म्हणून कागदावर ४७६०, खरं त्याच्याही खालीच येणार.

शेतीपंपाच्या मोटरवर जास्त लोड टाकला तं ती आरपीएम फारसं सोडत नाही, अँपियर ओढत जाते अन् शेवटी वाइंडिंग जळते, वास आल्यावर शेतकऱ्याला कळते. पेट्रोल इंजिन उलटं वागते, ते आरपीएम सोडून देते अन् तिथंच घुसमटत राहते. तापते, काळं होते, पण मीटरवर दिसत नाही, म्हणून सगळ्यांना वाटते इंजिनच कमजोर आहे.

पाण्यावर नेऊन मोजायचं ठरवलं. दोन साधनं घेतली. एक क्लिपवालं टॅकोमीटर, प्लगच्या वायरवर लावायचं, यात सेटिंग बरोबर पाहिजे, टू-स्ट्रोकमधे दर फेऱ्याला स्पार्क पडते, फोर-स्ट्रोकवर ठेवलं तं आकडा भलताच दाखवते. दुसरं म्हणजे हुकचा काटा, मांढळच्या एका मिरची सातऱ्यावरून (मिरची खुडायच्या जागेवरून) मागून आणला, ३०० किलोचा. मशीनच्या मागच्या बाजूला दोर, दोराला काटा, काटा काठावरच्या पक्क्या खुंट्याला, अन् माणूस मशीनवर बसून फुल रेस देणार. बांधून मोजलं म्हणजे ओढ किती किलोची ते समजते. जागा निवडताना आधी तिथल्या ढिवर मामांना विचारलं, जाळे कुठं टाकलेले आहेत, त्यांनी हात करून दाखवलं अन् सांगितलं, "तिकडं नका जाऊ रे बाप्पा, त्या खुंट्याच्या अलीकडेच राहा." ते ऐकणं गरजेचं होतं, त्यांच्या पोटाचा विषय आहे तो, अन् मशीनच्याही जिवाचा. लाइफ जॅकेट अन् मनगटाला बांधायची किल-स्विचची (माणूस पडला की इंजिन बंद करणारी) दोरी याच्याशिवाय कोणाला पाण्यात जाऊ दिलं नाही. धंद्यासाठी चालवायचं तं पाटबंधाऱ्याची परवानगी अन् बोटीची नोंदणी लागते, ते कागद पोट्टे करून राहिले होते.

पहिला आकडा : फुल थ्रॉटलला ४५०० च्या आसपास, ओढ नव्वदीच्या घरात. हिशोबाशी जुळलं. पण आकडा जुळला म्हणून लगेच पिच कमी करायला बसलो नाही, कारण मागच्या टोकाला अजून बरीच घाण होती अन् एकाच वेळी सगळं बदललं तं कशानं काय झालं ते समजत नाही.

सगळ्यात आधी मात्र कार्ब. हे मी ठळक सांगतो कारण इथं इंजिन मरू शकते. लोडखाली घुसमटणारं टू-स्ट्रोक इंजिन प्लग काळे करते, त्या मेकॅनिकनं काळे प्लग पाहून मिक्स्चर पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) करत नेलं. ४५०० ला ते कसंबसं चालून गेलं. पण उद्या पंपाचा लोड उतरला अन् तेच इंजिन त्याच पातळ मिक्स्चरवर सहा हजाराला गेलं तं पिस्टनचं डोकं वितळते किंवा सिलिंडरला चिकटते, सीझ. दुखणं बरं झाल्याच्या दिवशीच पेशंट जाईल असा प्रकार. म्हणून लोडला हात लावायच्या आधी हाय अन् लो दोन्ही स्क्रू पुस्तकातल्या मूळ सेटिंगवर आणले, वरून थोडे मोकळेच ठेवले, अन् नवीन बोअर होता म्हणून ऑइल ४० ला १, म्हणजे लिटरमागं २५ मिली. काळा प्लग चालेल, पांढरा नाही.

मग पंप पूर्ण खोलला. शाफ्टवर इम्पेलरच्या मागं तंगूस गुंडाळलेला निघाला, जाळ्याचा नायलॉनचा दोरा, एवढा घट्ट की ब्लेडनं कापावा लागला, अन् त्यानं सीलची कड खाल्ली होती. पात्यांच्या समोरच्या कडा वाळूनं चावलेल्या. वैनगंगेची वाळू अशी आहे की उथळ पाण्यात एकदा रेस दिली की ती आत गेलीच. कडेला खाच असली की पाणी तिथून फाटते अन् बुडबुडे होतात, वाफेचे, त्याला कॅव्हिटेशन म्हणतात, त्यानं पातं खरवडल्यासारखं होते. दुसरा प्रकार हवेचा. पंप अन् बॉडी यांच्या मधल्या फटीतून, जिथं फायबरची ती पायरी होती, हवा आत येत होती. दोन्हीत आवाज सारखाच, पण इलाज वेगळा, एकाला पात्याची कड सुधारा, दुसऱ्याला फट बुजवा. आम्हाला दोन्ही करावं लागलं. कडा फाइलनं गोल-धारदार केल्या, पायरी इपॉक्सी भरून घासून सपाट केली, पंपाच्या तोंडाला मरीन सीलंट, नवीन सील. इम्पेलरचं टोक अन् वेअर रिंग (इम्पेलरच्या भोवती नळीत बसवलेली रिंग) यातली फट फिलर गेजनं मोजली, ०.४ मिमीच्या आसपास भरली, नवीनमधे ०.२ ते ०.३ असते, ०.६ च्या पुढं गेली की रिंग बदलायची, म्हणजे अजून जीव होता. समोरची, पाणी आत घेते त्या तोंडावरची जाळीसुद्धा साफ केली. आपल्याकडे हा त्रास जास्तच आहे, नाग नदीची घाण कन्हानमधून वैनगंगेत येते, त्या पाण्यावर जलपर्णी माजते अन् तिच्या मुळ्या जाळीत बसल्या की पंपाला पाणीच पुरत नाही, तेव्हा कोणताही हिशोब लागू होत नाही.

एवढं करून परत बांधून मोजलं. अन् इथं पोट्ट्यांचे चेहरे पडले, कारण आरपीएम वाढायच्या ऐवजी शंभरेक कमी झालं. पण काट्यावर ओढ शंभरच्या वर गेलेली. याचं कारण सरळ आहे, आधी पंप हवा खात होता, हवेला पाण्यासारखं वजन नाही, म्हणून इम्पेलर थोडा हलका फिरत होता, आता अख्खं पाणी धरून राहिला. नुसता टॅकोमीटर घेऊन बसलो असतो तं काम बिघडलं असं समजून सीलंट काढून टाकला असता. म्हणून माझं म्हणणं, काटा अन् टॅकोमीटर दोन्ही पाहिजे, एकट्याचं ऐकायचं नाही.

आता मुख्य प्रश्न, की मोठ्या पंपाचं करायचं काय. पहिला रस्ता, १२२ चा पंप परत बसवणे. बॉडी कापलेली नसती तं मी दुसरं काही बोललोच नसतो, ज्याच्याकडे न कापलेलं ५५० आहे त्यानं १२२ ठेवावा, नीट ठेवावा, अन् मोठ्या पंपाच्या मागं लागू नये. पण इथं टनेल कापून मोठं केलेलं, परत लहान करायचं म्हणजे फायबरचं मोठं काम, शाफ्टची लाइन परत मारायची, कपलिंग परत जुळवायचं, अन् १२२ चं जुनं सामान चांगल्या अवस्थेत मिळणं कठीण. दुसरा रस्ता मोठं इंजिन, त्याला पैसे नव्हते. तिसरा, पंप १४० चाच ठेवून त्याचं खाणं कमी करायचं.

पंपाच्या धंद्यातल्या माणसाला इथं दोन गोष्टी लगेच सुचतात अन् दोन्ही इथं चालत नाहीत. पहिली, इम्पेलरचा व्यास लेथवर उतरवणे. सेंट्रिफ्यूगल पंपात आपण बिनधास्त करतो, मोटर ओव्हरलोड होऊन राहिली तं इम्पेलर चार-पाच मिमी उतरवला, झालं. या पंपात नळी अन् पात्याच्या टोकातली फट केसासारखी पाहिजे, व्यास उतरवला की पाणी टोकावरून मागं पळते, लोड उतरते पण ढकल त्याच्या आधी मरते. जाड रिंग बसवून नळीच लहान करू असंही लेथवाले काका म्हणाले, "भाऊ, स्लीव मारून देतो ना," पण मग इम्पेलरही नवीन पाहिजे अन् मागचा स्टेटर १४० चाच, पाणी एका घरातून निघून दुसऱ्या घरात पायरी उतरून जाणार, ते नको. दुसरी सुचणारी गोष्ट म्हणजे तोंड आवळणे. सेंट्रिफ्यूगल पंप आपण व्हॉल्व बंद ठेवून स्टार्ट करतो कारण पाणी बंद असताना तो सगळ्यात कमी अँपियर घेते. अॅक्सियल पंप, म्हणजे पाणी नळीतून सरळ मागं ढकलणारा हा आमचा, याच्या बरोबर उलटा, त्याचं तोंड आवळलं की तो जास्त ताकद खाते. म्हणून नोझल लहान करून लोड उतरेल असं समजणं चूक, इथं नोझल मोठं करावं लागते. आमच्या मशीनवर तं कोणीतरी टॉप स्पीडसाठी आवळलेलं नोझल होतं, म्हणजे लहान इंजिनवर दुहेरी भार.

राहिला पात्याचा पिच. याच्यावर पोट्ट्यांचा विश्वास बसत नव्हता, एक जण म्हणे, "दादा, पंपच इंजिनपेक्षा मोठा आहे तं पाती वाकवून काय होणार?" त्याला मी कंपन्यांचंच उदाहरण दिलं. कावासाकीनं हाच १४० चा साइज ६३५ सीसीच्या ६५० ला दिला, ७५० एसएक्सला दिला, पुढं ७८१ सीसीच्या एसएक्स-आर ८०० लाही १४० च. यामाहाच्या सुपरजेटचा पंप १४४ चा, १९९० मधे त्यात ६३३ सीसीचं इंजिन होतं, मग ७०१ झालं, अन् २०२१ पासून १०४९ सीसीचं फोर-स्ट्रोक आलं, तरी पंप १४४ च. नळी तीच, ताकद कुठल्या कुठं गेली, इंजिनशी जुळवणी होते ती इम्पेलरमधे. मग ६३५ ला जो पंप चालते तो ५३१ ला का चालू नये, फक्त त्याला झेपेल असं पातं द्या.

अन् मोठ्या पंपाचा एक खरा फायदाही आहे, तो लोकं विसरतात. ढकल म्हणजे सेकंदाला किती पाणी फेकलं गुणिले किती वेगानं. ताकद मात्र वेगाच्या वर्गानं लागते. म्हणून तेवढ्याच ताकदीत दुप्पट पाणी थोडं हळू फेकलं तं जागेवरची ढकल १.४१ पट मिळते. उलट थोडं पाणी जोरात फेकलं तं वरचा वेग चांगला, पण उठताना जोर कमी. रेसवाल्याला काय पाहिजे ते तो पाहील, या पोट्ट्यांचं गिऱ्हाईक म्हणजे पहिल्यांदा चढलेला, पाण्यात पडून परत उठणारा, जाड-बारीक कसाही माणूस. त्याला पाण्यातून उचलून उभं करणं हे मशीनचं पहिलं काम, टॉप स्पीड नाही. तेव्हा मोठा पंप अन् कमी पिच ही जोडी त्यांच्या कामाला १२२ पेक्षाही बरी बसू शकते, असं माझं मत झालं अन् त्याच दिशेनं गेलो.

आधी नोझल, कारण सोपं. लेथवर २ मिमीनं मोठं केलं, आतला निमुळतेपणा कायम ठेवून, शेवटी नुसतं भोक पाडल्यासारखं नाही. त्यानं आरपीएम शंभर-दीडशेनं वर आलं, ओढ जवळपास तीच. मग इम्पेलर. स्टेनलेसचा होता म्हणून हिंमत केली, अॅल्युमिनियमचा असता तं तडा जाते, नवाच घ्यावा लागला असता. पिच कमी करताना पात्याची पाणी घेणारी बाजू हलवायची नाही, सोडणारी कड तेवढी सपाटीकडं न्यायची. आधी बेव्हल प्रोट्रॅक्टरनं तिन्ही पात्यांची सोडणारी कड मोजली, २० अंशाच्या आसपास होती, अन् तिघांत एकेक अंशाचा फरक, तोही कोणी कधी पाहिला नव्हता. लेथवाल्या काकांनी पात्याच्या आकाराचा एक ठोकळा करून दिला, खाच पाडलेला जाड लोखंडी दांडा केला, अन् गरम न करता थोडं थोडं वाकवत, दर वेळी मोजत, तिन्ही पाती सारखी आणली. एका पात्याचा कोन वेगळा राहिला तं मशीन थरथरते अन् बेअरिंग खाते, म्हणून इथं जेवढा वेळ लागला तेवढा दिला. शेवटी शाफ्टवर घालून दोन सरळ पट्ट्यांवर ठेवून बॅलन्स पाहिला, जड बाजूचं थोडं ग्राइंडिंग. पातं वाकवल्यावर त्याचं टोक रिंगला घासू शकते हेही ध्यानात ठेवा, आम्हाला एका ठिकाणी किंचित उतरवावं लागलं, मग परत फिलर गेज.

१८ अंशाला एकदा बसवून पाहिलं, बांधलेल्या अवस्थेत ४९०० च्या आसपास आलं, इंजिनचा आवाज बदलायला लागलेला पण अजून खुलला नव्हता. १६ च्या जवळ नेलं तं ५५०० च्या जरा वर, अन् मध्येच एका जागी ते एकदम मोकळं झालं, म्हणजे इंजिन आपल्या पट्ट्यात शिरलं. काट्यावर १३० च्या पुढं. नव्वदवरून १३०, अन् इंजिनच्या आत एक पार्ट बदलला नाही. बाजूनं पडणारी कूलिंगच्या पाण्याची धारही जाड झाली, कारण तिचा दाब पंपाच्या आरपीएमवरच आहे, त्यामुळं तापायचा प्रश्न त्याच्यासोबतच गेला.

इथं थांबलो. एक पोट्टा म्हणत होता अजून दोन अंश काढा, सहा हजार पूर्ण येऊ द्या. पण बांधलेलं मशीन अन् धावतं मशीन यात फरक असते, धावताना समोरून पाणी आपोआप आत येते, पंप हलका होते, आरपीएम वर चढते. ५५०० बांधून म्हणजे धावताना ५८००-५९००, बरोबर तिथंच पाहिजे होतं. बांधूनच सहा हजार काढले असते तं धावताना इंजिन ओरडत वर गेलं असतं, अन् लाटेवर उडी मारून पंप हवेत आला की कोणताच लोड नाही. दुसऱ्या बाजूला ८० किलोचा माणूस आता गुडघ्यावर बसून रेस देते, मशीन पाण्यावर येते, मग तो उभा राहते. प्लग पेट्रोलच्या दोन टाक्या संपल्यावर काढून पाहिले, कॉफीसारखे तपकिरी, मग हाय स्क्रू फेऱ्याचा एक आठवा हिस्सा आवळला अन् सोडून दिला. टॉप स्पीड कंपनीच्या ५५० पेक्षा थोडा कमीच राहणार हे त्यांना आधीच सांगितलं होतं, त्यांना चाललं.

एक गोष्ट अजून लक्षात ठेवायची आहे. गोसीखुर्दच्या ३३ दरवाज्यांतून पाणी सोडायला लागले की बॅकवॉटरची पातळी अन् प्रवाह दोन्ही बदलतात, जिथं काल कमरेएवढं पाणी होतं तिथं आज वाळू वर आलेली राहते. पोट्ट्यांना सांगितलं आहे, निदान कमरेच्या वर पाणी असल्याशिवाय रेस द्यायची नाही, ढकलत आत न्यायचं, अन् दर पंधरवड्याला जाळीतून बोट घालून पात्याची कड चाचपायची, खाच लागली की फाइल. पिच एवढा जमवून आणलेला आहे की कडा चावल्या गेल्या तं आरपीएम वर जाईल अन् ओढ खाली, तेव्हा फक्त आरपीएम पाहून खूश होऊ नका, काटा लावा.

आता त्यांना दुसरं मशीन दिसलं आहे, जुन्या सुपरजेटची नुसती बॉडी पंपासहित, इंजिन नाही, अन् विकणारा म्हणते त्यात तुमच्याकडच्यासारखंच दुसरं ५५० चं इंजिन बसवून देतो, सेमच आहे. सेम नाही. १४० वरून १४४ म्हणजे चारच मिमी, पण पाचव्या घातानं १५ टक्के लोड वाढला, अन् १२२ च्या तुलनेत तं २.२९ पट. वरून कावासाकीच्या इंजिनला यामाहाचे माउंट, कपलिंग, शाफ्टची उंची, सगळं करून घ्यावं लागेल. होणार नाही असं मी म्हटलं नाही, पण टोकन द्यायच्या आधी त्यातला इम्पेलर काढून मला आणून दाखवा, तो स्टेनलेसचा आहे का अन् सोडणाऱ्या कडेचा कोन किती आहे ते मोजू, अन् रिंगचा व्यास व्हर्नियरनं घेऊनच या, विकणाऱ्याच्या तोंडचा नको.